तिसरा रकाना

काकांच्या घरात कुठलीही वस्तू वजन झाल्याशिवाय आत जात नसे. गॅरेजच्या दाराशी जमिनीवर माणसं तोलायचा एक काटा आणि वर तुळईला टांगलेला एक स्प्रिंगचा काटा होता. तांदळाची पिशवी, कुकर, अवजारांची पेटी, भारतातून आलेल्या पाहुण्यांची बॅग, सगळं आधी तिथं थांबायचं. काका डोळे बारीक करून आकडा वाचायचे आणि मग म्हणायचे, "जाऊ द्या." शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या मराठी मंडळींनी त्यांचं नाव पौंडकाका ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा कुणाच्या तरी तोंडून ते त्यांच्यासमोरच निघालं, तर म्हणाले, "बरं आहे. औंसकाका म्हटलं असतं तर वाईट वाटलं असतं."

मी त्यांच्या तळघरात भाड्यानं राहायला आलो तेव्हा स्टेट कॉलेज नावाच्या विद्यापीठाच्या गावातली शिक्षणाची सहा वर्षं संपवून शिकागोत नोकरीला लागलो होतो. सामान म्हणजे दोन बॅगा आणि पुस्तकांची अकरा खोकी. काकांनी प्रत्येक खोकं काट्यावर ठेवलं, बेरीज केली, मग मलाही काट्यावर उभं केलं. "माल चारशे चाळीस, मालक एकशे बावीस," ते म्हणाले. "अहो, ऐकलं का? याला जेवू घाला." काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आधी आत तर येऊ द्या त्याला." त्या दिवसापासून मी काकांसाठी 'पुस्तकवाले' झालो. माझं नाव त्यांनी क्वचितच घेतलं. "काय पुस्तकवाले, काय वाचून राहिले आज?" असं आदरानं सुरू करायचे आणि दुसऱ्या वाक्याला 'तू'वर यायचे.

काका नागपूरचे. तीस वर्षं त्यांनी शिकागोजवळच्या एका कारखान्यात तयार भाग तपासायचं काम केलं. वजन, माप, जाडी. तीस वर्षं सकाळी सत्तावीस मैल जायचं आणि संध्याकाळी सत्तावीस मैल यायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक अवजड पिकअप आणि मागे जोडायची अठरा फुटांची जुनी कॅरव्हॅन घेतली. आतमध्ये पुढे एक बाक, मध्ये शेगडी आणि छोटं टेबल, मागे पलंग. काकू तिला डबा म्हणत. हा डबा ओढत कॅनडातून अलास्कापर्यंत जायचं, उत्तरेला जिथं रस्ता संपतो तिथं थांबायचं, चहा करून प्यायचा आणि परत फिरायचं, एवढीच काकांची इच्छा होती. "तीस वर्षं एकाच रस्त्यानं गेलो-आलो," ते म्हणत. "एखादा रस्ता संपेपर्यंत जाऊन पाहिला पाहिजे माणसानं."

काकूंना हे मुळीच पसंत नव्हतं. "चांगलं चार खोल्यांचं घर सोडून डब्यात राहायचं," त्या मला ऐकवत, "आणि डब्यात जाऊनही पोळ्या मीच लाटायच्या."

"पोळ्या नाहीत, भात. गॅस कमी लागतो," काका नकाशावरून मान न उचलता म्हणत.

"बघ. मला सुटी दिली त्यांनी."

त्यांची मुलगी विशाखा दूर दक्षिणेत, प्लेनोला असते. ती फोनवर रागवायची, "बाबा, विमानानं जा ना यार. व्हाय डू यू हॅव टु ड्रॅग अ हाउस?" काका तिला शांतपणे सांगत, "विमानातून रस्ता दिसत नाही, बेटा."

दोन हिवाळे ही तयारी चालली. बाहेर अंगणात गुडघाभर बर्फ आणि आत जेवणाच्या टेबलावर उत्तर अमेरिकेचा नकाशा. काकू त्याच्यावर प्लास्टिक घालून जेवायला वाढत, त्यामुळे माझ्या आठवणीत मॅनिटोबावर कायम वरणाचा थेंब आहे. कुठल्या गावी मुक्काम, पुढचा पेट्रोल पंप किती मैलांवर, कुठे डांबर संपून खडी लागते, सगळं काकांनी लिहून ठेवलं होतं. सीमेवर काय नेता येतं हे विचारायला त्यांनी कॅनडाच्या कार्यालयात फोन केला आणि पलीकडच्या बाईंना शेंगदाण्याची चटणी म्हणजे काय हे वीस मिनिटं समजावलं. त्या शेवटी म्हणाल्या, "सर, साउंड्स डिलिशस. जस्ट डिक्लेअर इट." काकांनी यादीत लिहिलं : चटणी, सांगून नेणे.

या प्रवासात मीही जाणार होतो. गाडी फक्त काका चालवणार, काकू मागच्या सीटवर, मी शेजारी नकाशा घेऊन. माझ्याकडे अमेरिकेचं नागरिकत्व नाही, कॅनडाला जायचं तर मला वेगळा व्हिसा लागत होता. तो अर्जही काकांनीच भरला. दोन महिने बिनपगारी रजा मिळते का हे मी साहेबांना विचारायला घाबरत होतो, तर काका म्हणाले, "विचार ना. नाही म्हटलं तर तोही एक आकडाच आहे. कळला की पुढचा हिशोब करता येतो." मी विचारलं, रजा मिळाली. माझ्या वडिलांनी माझ्यासाठी पुष्कळ केलं आहे, पण मी घाबरतो आहे हे ओळखून कुणी माझ्या शेजारी बसल्याचं मला तोवर आठवत नव्हतं.

डब्याचं गणित काकांनी मला पहिल्याच हिवाळ्यात शिकवलं होतं. ओढायच्या गाडीला पुढे एक लोखंडी दांडा असतो, तो पिकअपच्या गोळ्यावर बसतो. इथले लोक त्याला जीभ म्हणतात. एकूण वजनातलं दहा-बारा टक्के वजन त्या जिभेवर पडलं पाहिजे. कमी पडलं, म्हणजे जड सामान मागे गेलं, तर डबा वेगात असताना शेपटीसारखा हलायला लागतो आणि पुढच्या गाडीलाही घेऊन आडवा होतो. "जड माल पुढे," काका म्हणत. "हे एवढं एक वाक्य पाठ कर. बाकी विसरलास तरी चालेल."

आमच्या डब्याची जीभ हलकी पडत होती. मागच्या पलंगाखाली पाण्याची टाकी, त्यामुळे पुढे काहीतरी भर हवी होती. मी भीतभीतच पुस्तकांची चार खोकी नेऊ का म्हणून विचारलं होतं. माणशी तीस पौंड सामानाचा नियम होता आणि माझी खोकी एकशे साठ पौंड भरत होती. काकांनी दोन दिवस आकडेमोड केली आणि तिसऱ्या दिवशी तळघराच्या पायऱ्या उतरून आले, चेहरा उजळलेला. "ने. सगळी ने. पुढच्या बाकाखाली ठेवू. पुस्तकवाले, तुमच्या पुस्तकांवर गाडी सरळ चालणार आहे." मुक्कामाच्या गावी संध्याकाळी मी मोठ्यानं वाचायचं आणि त्या दोघांनी ऐकायचं असंही ठरलं.

आता त्या वहीबद्दल लिहिलं पाहिजे. काकांकडे निळ्या पुठ्ठ्याची एक लांबट वही होती. तिच्यात चार रकाने : काय झालं, कसं कळलं, कोणाकडून, आता काय. घरात, गाडीत, डब्यात जे काही चुकायचं ते त्या वहीत जायचं. पहिले दोन रकाने आणि चौथा काका भरत. तिसरा कधीच नाही. तिथं ज्याच्या हातून चूक झाली त्यानं स्वतःच्या हातानं आपलं नाव लिहायचं. काका वही समोर सरकवत, पेन देत आणि दुसरीकडे पाहत बसत. रागवत नसत. एकदा मी डब्याच्या बॅटरीच्या तारा उलट जोडल्या होत्या. तिथं तिसऱ्या रकान्यात माझं अक्षर आहे. काकूंचं आहे, 'पाण्याचा नळ उघडा राहिला' याच्यापुढे. आणि काकांचं स्वतःचं तर पानोपानी.

मी एकदा विचारलं, "तुम्हीच का नाही भरत सगळं? सोपं पडेल."

त्यांनी नागपूरजवळच्या एका कारखान्यातली गोष्ट सांगितली. पदविका झाल्यावरची पहिली नोकरी. मालाची एक खेप नापास होऊन परत आली. काकांना कचेरीत बोलावलं तेव्हा अहवाल आधीच टाइप झालेला होता आणि 'जबाबदार'पुढे त्यांचं नाव होतं. "मशीन दुसऱ्याचं, पाळी दुसऱ्याची, नाव माझं," काका म्हणाले. "आडनाव वाचलं की लोकांना चूक कोणाची ते समजून जायचं. माझ्या बापालाही हेच, माझ्या भावालाही हेच. तेव्हा ठरवलं. दुसऱ्याच्या नावापुढे चूक आपण लिहायची नाही. आणि आपली असली तर लपवायची नाही." मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आम्हाला चुकायची सोय नव्हती रे. म्हणून वही."

मी पुण्याच्या ज्या घरात वाढलो तिथं कप फुटल्याचा आवाज आला की आई पहिली हाक कामाच्या मावशींना मारायची. फोडणारा बहुधा मी असायचो. मावशी केर काढायचा झाडू घेऊन यायच्या आणि मी पुस्तकात मान घालायचो. काकांची गोष्ट ऐकताना मला ते आठवलं होतं.

अलास्काला निघण्याच्या महिनाभर आधी आम्ही रंगीत तालीम केली. मिसिसिपीच्या काठावरच्या एका उद्यानात दोन रात्री मुक्काम करून परत यायचं. जाताना सगळं दृष्ट लागेलसं झालं. डबा आमच्यामागे इतका सरळ आला की काका आरशात बघून हसत होते. काकूंनी नदीकाठी भात-पिठलं केलं आणि खाता खाता म्हणाल्या, "हवा बरी आहे हो इथली." काकांनी मला कोपर मारलं. काकूंकडून एवढं मिळणं म्हणजे परवानगीच होती. मी खोक्यांमधून पुस्तकं बाहेर काढली, वाचली, डब्यात इकडेतिकडे पसरली. संध्याकाळी वाचून दाखवलं. काका डोळे मिटून ऐकत होते आणि मध्येच म्हणाले, "हे पान पुन्हा वाच."

परत निघायच्या सकाळी प्रत्येकाला कामं वाटून दिलेली होती. माझं काम पुस्तकं खोक्यांत भरून खोकी पुढच्या बाकाखाली ठेवायची. मी भरली. पण बाकावर काकूंनी पांघरुणांच्या घड्या रचल्या होत्या, त्या उचलल्याशिवाय बाकाची फळी उघडत नव्हती. मागच्या पलंगाखाली टाकीच्या बाजूला जागा समोरच दिसत होती. आणि मला एका पुस्तकाची शेवटची वीस पानं वाचायची होती. मी चारही खोकी मागे सरकवली आणि झाडाखाली जाऊन बसलो.

निघण्याआधी काका यादी वाचत. एकेक नाव घ्यायचं आणि ज्याचं काम त्यानं उत्तर द्यायचं.

"शेगडी?"

"बंद," काकू.

"खिडक्या?"

"लावल्या," काकू.

"पुस्तकं?"

"ठेवली," मी म्हणालो. पुस्तकातून डोळे वर न काढता.

काकांनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. ज्याचं काम त्याचा शब्द. तो ते पुन्हा तपासत नसत.

तासाभरानं मोठ्या रस्त्यावर थोडा उतार लागला. डावीकडून एक लांब ट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या वाऱ्यानं डबा आधी त्याच्याकडे ओढल्यासारखा झाला, मग लोटला गेला आणि मग थांबेचना. आरशात तो एकदा डावीकडे दिसायचा, एकदा उजवीकडे, दर खेपेला जास्त. आमचीही गाडी मागून कुणी धरून हलवावी तशी हलू लागली. काकू "अहो! अहो!" एवढंच म्हणत होत्या. काकांनी ब्रेक मारला नाही. त्यांनी पाय उचलला, उजव्या हातानं डब्याच्या ब्रेकची कळ दाबून धरली आणि डाव्या हातानं चाक सरळ ठेवलं. फक्त सरळ. डबा हळूहळू शांत झाला आणि गाडी रस्त्याच्या कडेला येऊन थांबली.

त्या दिवशी त्या रस्त्यावर एकच गोष्ट बरोबर चालली होती, ती म्हणजे काकांचे हात.

"सगळे ठीक?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता. काकूंचे डोळे मिटलेले होते. काका मला म्हणाले, "आत जाऊन पाहून ये रे, काही फुटलं का. मी जरा बसतो."

मी डब्यात गेलो. लोणच्याची बरणी फुटून तेल जमिनीवर पसरलं होतं. मी आधी तिकडे पाहिलंच नाही. काय झालं ते मला गाडी हलायला लागली त्याच क्षणी समजलं होतं. मी पांघरुणं बाजूला केली, बाकाची फळी उघडली आणि चारही खोकी एकामागून एक मागून पुढे आणून ठेवली. फळी लावली, पांघरुणं जशी होती तशी रचली. मग कागदानं तेल पुसलं, म्हणजे वेळ लागल्याचं कारण हातात राहील. बाहेर येऊन म्हणालो, "बरणी फुटली, काका. बाकी ठीक आहे."

थोड्या वेळानं ते स्वतः आत आले. त्यांनी बाकाची फळी उचलून पाहिली. खोकी जागेवर होती. त्यांनी फळी अगदी सावकाश खाली ठेवली.

पुढे एका ट्रक थांब्यावर वजनकाटा होता. काका त्याला नागपुरी सवयीनं धर्मकाटा म्हणत. चाळीसच्या वेगानं आम्ही तिथपर्यंत गेलो. पिकअप एका फळीवर, डबा दुसऱ्या फळीवर. खिडकीतून छापील पावती मिळाली. काकांनी ती दोनदा वाचली. वजन जिथं जेवढं पाहिजे तिथं तेवढंच होतं.

घरी पोचल्यावर काकूंनी चहा ठेवला. काकांनी वही काढली. पहिल्या रकान्यात लिहिलं, दुसऱ्यात लिहिलं. पावती टाचणीनं लावली. मग वही आम्हा दोघांच्या मध्ये ठेवली, पेन त्यावर ठेवलं आणि खिडकीबाहेर पाहत विचारलं, "कुणाला काही लिहायचं आहे का?"

काकू म्हणाल्या, "मी काय लिहू? मी तर मागे बसले होते."

मी चहाच्या कपात पाहत होतो. काका थांबले. नेहमीपेक्षा बराच वेळ थांबले. त्यांना शंका आली होती की ती फक्त त्यांची रीत होती, हे मला आजही कळलेलं नाही. मग त्यांनी वही आपल्याकडे ओढली आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं : मी.

त्यानंतरच्या पंधरा दिवसांत ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले, हाडांच्या डॉक्टरकडे गेले, मेंदूची तपासणी करून आले. सगळ्यांनी वयाच्या मानानं उत्तम म्हणून सांगितलं. त्यामुळे काकांचं समाधान व्हायच्याऐवजी उलटच झालं. "वजन बरोबर, टायर बरोबर, रस्ता कोरडा," ते टेबलाशी बसून म्हणत. "मग राहिलं काय?" आणि दोन्ही हात नकाशावर पालथे ठेवून त्यांच्याकडे पाहत.

मी सांगायला वर गेलो नाही असं नाही. एका रविवारी वाक्य जुळवून पायऱ्या चढलो. काका नकाशाची गुंडाळी करत होते. "ये, बस," म्हणाले. मी बसलो. आणि माझ्या तोंडून निघालं ते हे : "काका, वय कुणासाठी थांबतं?" हे मी म्हणालो. ते म्हणाले, "खरं आहे तुझं." आणि गुंडाळीला रबर लावलं.

डबा एका तरुण जोडप्यानं विकत नेला. काकांनी त्यांना दोन तास सगळं समजावलं. त्या मुलीला पुन्हा पुन्हा सांगत होते, "हेवी थिंग्ज इन फ्रंट. ऑलवेज." त्याआधी माझी खोकी बाहेर काढली होती. काकांनी ती तळघरात जाण्यापूर्वी सवयीनं काट्यावर ठेवली. "एकशे साठ," ते म्हणाले. "बरोबर. जाऊ द्या."

मग त्यांनी साधी गाडीही चालवणं सोडलं. नेपरव्हिलच्या हिवाळ्यात दोन म्हाताऱ्या माणसांचं गाडीशिवाय निभेना, म्हणून विशाखा त्यांना प्लेनोला घेऊन गेली. तिथं तर दूध आणायलाही मोठ्या रस्त्यावर जावं लागतं. काकू फोनवर सांगायच्या, "विशाखा चालवते तेव्हा हे शेजारी बसतात आणि हात मांड्यांखाली दाबून ठेवतात. लहान पोरासारखे." मी दर रविवारी फोन करत असे. एका उन्हाळ्यात काका म्हणाले, "पुस्तकवाले, आपल्या जुन्या हिशोबानं आज आपण व्हाइटहॉर्सला असतो. मुक्काम दोन रात्री. कपडे धुवायचे होते तिथं." मी म्हणालो, "हो काका." ते म्हणाले, "सध्या काय वाचून राहिला?" मी पुस्तकाचं नाव सांगितलं. फोन ठेवला.

या वर्षी थंडी सरता सरता काका गेले. झोपेतच गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी प्लेनोला पोचलो. दिवाणखान्यात भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, मी मागच्या ओळीत बसलो. लोक काकांबद्दल बोलले. कारखान्यातले एक जुने सहकारी म्हणाले की या माणसानं तपासून सोडलेला माल आम्ही डोळे झाकून पुढे पाठवायचो. मी उठलो नाही. मला बोलायला सांगितलं होतं, मी घसा बसल्याचं कारण दिलं.

दुपारी पाहुणे गेल्यावर काकूंनी मला खिडकीपाशी बसवलं आणि ती निळी वही माझ्या हातात दिली. "तुझंही अक्षर आहे यात," त्या म्हणाल्या. "म्हणून विशाखाला टाकू दिली नाही."

मी ते पान काढलं. पावतीची शाई उडाली होती. 'मी' हा शब्द तसाच होता.

"काकू, खोकी मागे होती," मी म्हणालो.

"कोणती खोकी?"

"पुस्तकांची. परत येताना. मी मागच्या पलंगाखाली ठेवली होती. आणि काकांनी बरणी बघायला आत पाठवलं तेव्हा उचलून पुढे आणली."

दोन हिवाळे त्या टेबलावर जिभेच्या वजनाखेरीज दुसरा विषय नव्हता. काकूंना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे त्यांचे हात..."

"चांगले होते."

आत विशाखा भांडी लावत होती. मग काकू म्हणाल्या, "मला जायचं नव्हतं ना रे. त्या दिवशी घरी आलो आणि मी मनात म्हटलं, बरं झालं, सुटले. मग इथं रोज त्यांना या खिडकीशी बसलेलं पाहायची आणि वाटायचं, माझ्या मनातलंच लागलं त्यांना." त्यांनी पदराचा बोळा हातात धरला होता. "काहून रे? एक फोन नाही करता आला?"

"दर रविवारी करत होतो, काकू."

"हो," त्या म्हणाल्या. "करत होतास."

त्या उठून पेन घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवलं. "मला सांगून काय होणार आता? त्यांनी वही पुढे केली होती ना? मग लिही."

काकांचा नियम असा होता की खोडायचं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. मी त्या 'मी'वर एक रेघ मारली. शेजारी माझं नाव लिहिलं. पुस्तकवाले नाही, माझं, वडिलांचं आणि आडनाव.

काकूंनी चष्मा लावून ते वाचलं. मग त्यांनी बोट पुढे सरकवून चौथ्या रकान्यावर ठेवलं. तिथं काकांच्या नीट, सारख्या अक्षरात होतं : गाडी चालवणं बंद.

"आणि हे?" त्यांनी विचारलं.

आणि काका थांबायचे तशा त्या खिडकीबाहेर पाहत थांबल्या. पेन माझ्या हातात होतं.